संगणकामागचा लाल खटका

मुलांनो, शाळेच्या संगणक कक्षात तुम्ही नेहमी संगणकाच्या समोर बसता. पडदा पाहता, कळफलकावर बोटे चालवता, माऊस फिरवता. संगणकाच्या पाठीमागे डोकावण्याची पाळी क्वचितच येते. तिथे धूळ असते, वायरींचा गुंता असतो, आणि सरांनी 'हात लावू नका' असे बजावलेले असते. आज मात्र आपण मुद्दाम पाठीमागे जाणार आहोत. हात लावायचा नाही, फक्त पाहायचे.

टेबलावरच्या संगणकाला एक मोठी पेटी असते. पुष्कळ पेट्यांच्या मागच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात, जाळीआड एक पंखा दिसतो. पंख्याजवळ विजेची वायर खोचण्याची जागा असते. जुन्या संगणकात तिच्या शेजारी नखाएवढा लाल खटका असतो. त्यावर २३० असा आकडा लिहिलेला दिसतो. खटका सरकवला तर २३० लपतो आणि ११५ पुढे येतो. जो आकडा डोळ्यांना दिसतो तोच लागू आहे असे समजायचे. हा खटका पत्र्याच्या थोडा आत बसवलेला असतो. तो बोटाने सहज सरकत नाही, चपटा स्क्रू ड्रायव्हर लागतो. तो कुणी सहज हलवू नये, अशीच बनवणाऱ्याची इच्छा होती हे उघड आहे. मग तो बसवला तरी कशाला?

हे समजायचे तर आधी विजेच्या दाबाबद्दल बोलावे लागेल. तुमच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी असेल. टाकी जितकी उंच, तितका खालच्या नळाला जोर अधिक. तारेतून विजेला पुढे ढकलणाराही असाच एक जोर असतो. त्याला विद्युतदाब म्हणतात. तो व्होल्टमध्ये मोजतात. तारेतून जी वाहते ती विद्युतधारा. उर्दूच्या तासाला तुम्ही तिलाच 'बर्की रौ' म्हणता. दाब आणि धारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे तो कामास येईल.

आपल्या घरी आणि शाळेत येणाऱ्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. अमेरिकेत मात्र तो १२० व्होल्ट आहे. जपानमध्ये १०० व्होल्ट. एकाच पृथ्वीवर ही तऱ्हा का, असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर जुन्या दिव्यांत आहे.

१८८२ साली थॉमस एडिसन याने न्यूयॉर्क शहरात पर्ल स्ट्रीट येथे वीजकेंद्र सुरू केले. त्याचे दिवे सुमारे ११० व्होल्टवर जळत. त्या काळी दिव्यातला तंतू कार्बनचा असे. दाब वाढवायचा तर तंतू लांब आणि बारीक करावा लागे, आणि तसा नाजूक तंतू टिकत नसे. पुढे दिवे सुधारले. एकोणिसावे शतक संपता संपता बर्लिनच्या वीज कंपनीने ग्राहकांना दुप्पट दाबाची, म्हणजे २२० व्होल्टची वीज द्यायला सुरुवात केली. यात कंपनीचा मोठा फायदा होता. १०० वॉटचा दिवा ११५ व्होल्टवर लावला तर त्याला सुमारे ०.८७ अँपिअर धारा लागते. तोच उजेड २३० व्होल्टवर हवा असेल तर निम्मी धारा पुरते. धारा निम्मी झाली की तारेत वाया जाणारी वीज एकचतुर्थांश होते. म्हणजे जमिनीत आधीच पुरलेल्या तांब्याच्या तारांमधून अधिक घरांना वीज देता येते. युरोपने हा मार्ग धरला. आपल्याकडे वीज ब्रिटिशांच्या काळात आली आणि इथेही युरोपसारखाच दाब रूढ झाला. अमेरिकेत मात्र तोवर घरोघरी ११० व्होल्टचे दिवे लागलेले होते. ते सारे फेकून कोण देणार? तिथला दाब हळूहळू थोडा वाढला, पण दुप्पट कधीच झाला नाही.

जपानची गोष्ट तर याहून गमतीची आहे. तोक्योने आपली विद्युतजनित्रे जर्मनीकडून घेतली, ओसाकाने अमेरिकेकडून. म्हणून आजही त्या देशाच्या पूर्व भागातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते आणि पश्चिम भागातली ६० वेळा. देश एक, भाषा एक, वीज मात्र दोन प्रकारची.

आपल्या अधिक ओळखीचे उदाहरण आखाती देशांचे आहे. रत्नागिरी, रायगडपासून मुंबईपर्यंत कितीतरी घरांतली माणसे तिकडे नोकरीला गेलेली आहेत. दुबईतली वीज जवळजवळ आपल्यासारखीच आहे. सौदी अरेबियात मात्र अनेक वर्षे १२७ आणि २२० असे दोन्ही दाब वापरात होते. एकाच घरात दिव्यांना आणि लहान यंत्रांना १२७ व्होल्ट, तर वातानुकूलन यंत्राला २२० व्होल्ट असा प्रकार असे. अशा घरात वापरलेल्या संगणकाचा लाल खटका ११५ कडे ठेवलेला असे, कारण त्या बाजूला ९० ते १३५ व्होल्टपर्यंतचा दाब चालतो. तोच संगणक खोक्यात भरून गावी आणला, तर आत काय होईल याचा विचार तो खोके उघडण्याआधी करायला हवा.

इथे एक गोष्ट फसवी आहे. परदेशातला मिक्सर किंवा इस्त्री आणली तर तिचा प्लग आपल्या बोर्डात बसत नाही, आणि आपोआपच मनात शंका येते. संगणकाचे तसे नाही. त्याची वायर दोन्ही टोकांना सुटी होते. पेटीच्या मागे जी वायर खोचतात, तिचे तोंड अमेरिकेत, सौदीत आणि भारतात एकसारखेच असते. दुकानातून इथली वायर आणली की ती बिनबोभाट बसते. अडवणारे कुणीच नसते. अडवतो तो फक्त लाल खटका, आणि तोही पाहणाऱ्यालाच. मला विचाराल तर इतक्या लहान वस्तूवर इतकी मोठी जबाबदारी टाकायला नको होती.

आता पेटीच्या आत काय चालते ते पाहू. ज्या डब्यात पंखा असतो, त्या डब्याला दुकानदार 'एसएमपीएस' म्हणतात. भिंतीतून येणारी वीज संगणकाच्या नाजूक भागांना सोसेल अशी करून देणे हे त्याचे काम. त्या भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्ट एवढाच दाब लागतो. शिवाय ती धारा एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे दिष्ट धारा लागते. भिंतीतली धारा प्रत्यावर्ती असते. ती सतत दिशा बदलते.

प्रत्यावर्ती धारेचा दाब लाटेसारखा असतो. तो शून्यापासून वर चढतो, शिखर गाठतो, उतरतो, मग शून्याच्या खाली जाऊन उलट बाजूचे शिखर गाठतो आणि परत येतो. आपल्याकडे एका सेकंदात अशा ५० लाटा येतात. आपण जो २३० व्होल्ट म्हणतो, तो या लाटेच्या शिखराचा आकडा नव्हे. लाट सारखी वरखाली होत असली तरी ती किती उष्णता देऊ शकते, यावरून तो आकडा काढलेला असतो. शिखर त्याहून उंच असते. २३० ला १.४१४ ने गुणा. सुमारे ३२५ व्होल्ट येतात. (१.४१४ हे २ चे वर्गमूळ. गणिताच्या तासाला भेटलेले हे पाहुणे इथे पुन्हा आले.) तसेच ११५ व्होल्टच्या लाटेचे शिखर सुमारे १६३ व्होल्ट असते.

एसएमपीएसमध्ये वीज शिरली की आधी चार डायोड तिची दिशा एकच करतात. मग ती दोन जाडजूड कपॅसिटरांत साठते. कपॅसिटर म्हणजे विजेची छोटी टाकीच. हे दोन कपॅसिटर एकापुढे एक असे साखळीने जोडलेले असतात. एकावर एक ठेवलेल्या दोन टाक्या डोळ्यांसमोर आणा. दोघांचा मिळून दाब ३२५ व्होल्ट असला पाहिजे, या हिशेबानेच पुढचा सारा कारखाना रचलेला असतो. तो कारखाना ही साठलेली वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतो, एका लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून नेतो आणि शेवटी १२, ५ व ३.३ व्होल्ट बाहेर देतो.

भारतात हे ३२५ व्होल्ट सहज मिळतात, कारण लाटेचे शिखरच तेवढे उंच आहे. खटका २३० कडे असताना ही लाट दोन्ही कपॅसिटरांना मिळून भरते. दोघांत निम्मे निम्मे वाटले जाते. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १६३ व्होल्ट येतात.

पण अमेरिकेत काय करायचे? तिथे शिखरच १६३ व्होल्टचे. दोघांत वाटले तर प्रत्येकाला ८० च्या आसपास मिळतील आणि पुढचा कारखाना उपाशी राहील. दोन देशांसाठी दोन वेगळे एसएमपीएस बनवणे महाग पडते. म्हणून एक युक्ती केलेली असते. खटका ११५ कडे सरकवला की भिंतीतून आलेल्या दोन तारांपैकी एक तार थेट दोन कपॅसिटरांच्या मधल्या सांध्याला जोडली जाते. बस्स, एवढेच. आता लाट वर चढते तेव्हा पहिला कपॅसिटर एकटाच भरतो, १६३ व्होल्टपर्यंत. लाट खाली जाते तेव्हा दुसरा एकटाच भरतो, तोही १६३ व्होल्टपर्यंत. दोघांची बेरीज केली की सुमारे ३२५ झाले! पुढच्या कारखान्याला आपण भारतात आहोत की अमेरिकेत, याचा पत्ताही लागत नाही.

आता एक प्रश्न विचारतो. खटका ११५ कडे ठेवला तर तो दाब कमी करतो की वाढवतो? वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक हात 'कमी करतो' म्हणून वर होतात. मोठी माणसेही असेच समजतात. '११५ लहान आकडा आहे, तेव्हा तिकडे ठेवणे अधिक सुरक्षित' असा त्यांचा हिशेब असतो. वस्तुस्थिती अगदी उलटी आहे. ११५ हा आकडा बाहेरून कोणती वीज येणार आहे ते सांगतो. ती वीज अशक्त आहे असे धरून खटका आत तिला दुप्पट करतो.

मग भारतातल्या २३० व्होल्टच्या विजेवर खटका ११५ कडे राहिला तर? लाट वर चढेल आणि पहिला कपॅसिटर एकटाच ३२५ व्होल्टपर्यंत भरू लागेल. लाट खाली जाईल आणि दुसरा तसाच भरू लागेल. दोघांची बेरीज ६५० व्होल्ट. या कपॅसिटरांच्या अंगावर बहुधा २०० व्होल्ट ही मर्यादा छापलेली असते. ते हा दाब सोसू शकत नाहीत. आतले द्रव्य तापते, वायू होतो, आणि कपॅसिटरचे डोके फुटते. वीज तोडण्याचे काम करणारे ट्रान्झिस्टरही जळून जातात. बाहेरून आपल्याला फटाक्यासारखा आवाज ऐकू येतो, धूर दिसतो आणि जळका वास येतो. हे सारे डोळ्यांची पापणी लवते न लवते तोच होते. धावत जाऊन बटण बंद करू, असे म्हणायला वेळच मिळत नाही.

कित्येकांना वाटते, संगणक चालू करण्याआधी पाहू काय ते. १९९५ नंतर आलेल्या नव्या घडणीच्या संगणकांत तेवढीही सवलत नाही. त्यांच्या एसएमपीएसचा एक भाग सदैव जागा असतो. पुढचे बटण दाबण्याची तो वाट पाहत असतो. त्यामुळे वायर खोचून बोर्डाचे बटण लावले, की संगणक बंद दिसत असला तरी कपॅसिटर भरायला लागलेले असतात. घात त्याच क्षणी होतो.

'पण आत फ्यूज असतो ना?' असे कुणी विचारील. असतो. पण दाब आणि धारा वेगळ्या आहेत असे मी मघाशी सांगितले, ते इथे आठवा. फ्यूज फार धारा वाहिली तर वितळतो. दाब दुप्पट झाला हे त्याला कळत नाही. काहीतरी फुटून, जळून, आत धारेचा लोंढा सुरू झाला की मग तो तुटतो. तो आग पसरू देत नाही, हे त्याचे उपकार. काही चांगल्या एसएमपीएसमध्ये अशा वेळी मुद्दाम फ्यूज उडवून देणारे भाग असतात. स्वस्त मालात ते असतीलच याचा भरवसा नाही. स्टॅबिलायझर आणि यूपीएसही इथे उपयोगाचे नाहीत. ते बिचारे इमानाने २३० व्होल्टच देत राहतात, आणि आत तीच वीज दुप्पट होते.

उलटी चूक झाली तर काय? म्हणजे अमेरिकेत खटका २३० कडे राहिला तर? तिथे कपॅसिटरांना मिळून फक्त १६३ व्होल्ट मिळतील. संगणक बहुधा सुरूच होणार नाही, किंवा सुरू होऊन बंद पडेल. वायर काढून, खटका नीट करून, पुन्हा वायर लावली की बहुतेक वेळा तो चालू लागतो. एकाच खटक्याच्या दोन चुका, पण एक माफ होते आणि दुसरी होत नाही. आणि जी माफ होत नाही, ती नेमकी आपल्या देशात होऊ शकते.

म्हणून परदेशातून आलेला, कुणी भेट दिलेला किंवा जुन्या बाजारातून घेतलेला संगणक असेल, तर वायर हातात घेण्याआधी पाठीमागे पाहावे. शाळांना असे जुने संगणक देणगी म्हणून मिळतात. दहा संगणक आले तर दहाही पेट्या पाहाव्यात. नऊ बरोबर निघाल्या म्हणून दहावी बरोबर असेलच असे नाही. खटका ११५ कडे दिसला तर वायर पूर्ण काढून टाकून मगच, सरांनी किंवा जाणत्या कारागिराने, तो स्क्रू ड्रायव्हरने २३० कडे सरकवावा. वीज चालू असताना त्याला स्पर्शही करायचा नाही. खेळाखेळात खटका सरकवणारे महाभाग प्रत्येक शाळेत एखाददुसरे असतातच. त्यांच्यासाठी काही ठिकाणी खटक्यावर जाड चिकटपट्टी लावतात. उपाय साधा आहे, पण चांगला आहे.

एसएमपीएसचा डबा मात्र तुम्ही कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही कपॅसिटरांत ३२५ व्होल्टची वीज काही वेळ टिकून राहू शकते. नळ बंद केला म्हणून टाकी लगेच रिकामी होत नाही, तसेच हे आहे. बंद संगणक निर्धोक असतो असे मानून डब्यात बोट घालणाऱ्याला जबर धक्का बसू शकतो.

जाता जाता आणखी एका शंकेचे उत्तर देतो. आपली वीज सेकंदाला ५० लाटांची आणि अमेरिकेची ६० लाटांची. त्यासाठी वेगळा खटका का नाही? कारण एसएमपीएस लाटांना आत शिरताच सरळ करून साठवून टाकतो. ५० असोत की ६०, साठलेल्या विजेला फरक पडत नाही. लाटांच्या तालावर फिरणाऱ्या काही मोटारींना आणि जुन्या विजेच्या घड्याळांना तो पडतो. अमेरिकेतले असे घड्याळ आपल्या ५० लाटांवर चालवले, तर ते दर तासाला १० मिनिटे मागे पडेल.

नव्या संगणकांत तुम्ही लाल खटका शोधाल तर तो बहुधा सापडणार नाही. कपॅसिटर भरणाऱ्या जुन्या एसएमपीएसला एक खोड होती. तो लाटेच्या शिखराजवळच घाईघाईने विजेचा घोट घेई आणि उरलेला वेळ स्वस्थ बसे. एका संगणकाने असे केले तर बिघडत नाही. एका शहरातल्या लाखो संगणकांनी एकदमच असे घोट घेतले, तर विजेच्या लाटेचा आकारच बिघडतो. म्हणून युरोपात २००१ पासून अशा यंत्रांवर मर्यादा घातली गेली. त्यानंतर एसएमपीएसमध्ये एक नवे मंडल अधिक प्रमाणात येऊ लागले. ते लाटेच्या चढउताराप्रमाणे सारखी वीज घेते, आणि बाहेरून १०० व्होल्ट येवोत की २४०, आत सुमारे ३८० ते ४०० व्होल्टचा एकच ठरलेला दाब तयार करते. मग दुप्पट करण्याची गरजच उरत नाही, आणि खटक्याचीही नाही.

मोबाइलच्या आणि लॅपटॉपच्या चार्जरमध्येही खटका नसतो. तिथे युक्ती वेगळी आहे. वीज तोडणारा भाग दाब जास्त असेल तर दार थोडाच वेळ उघडतो, दाब कमी असेल तर जास्त वेळ उघडतो, आणि बाहेर पडणारा दाब सारखा ठेवतो. घरी गेल्यावर चार्जर हातात घ्या. त्यावर अगदी बारीक अक्षरांत 'इनपुट' या इंग्रजी शब्दापुढे १०० ते २४० व्होल्ट आणि ५०-६० हर्ट्झ असे आकडे छापलेले असतील. तसे असतील तर तो जेद्द्यातही चालेल, न्यूयॉर्कमध्येही चालेल आणि मालेगावातही. परदेशातून आलेल्या मिक्सरवर किंवा केस वाळवण्याच्या यंत्रावर मात्र नुसते १२० व्होल्ट लिहिलेले असू शकते. त्याला प्लग बदलून देणारा छोटा ठोकळा लावून भागत नाही. तो ठोकळा फक्त पिनांचा आकार बदलतो, विजेचा दाब नाही. तिथे दाब कमी करणारा वेगळा ट्रान्सफॉर्मरच आणावा लागतो, आणि तोही त्या यंत्राला पुरेल एवढ्या वॉटचा.